माया

बौशरच्या टेकडीखाली, इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर
माझं काम एवढंच: मोजणं.
अंगठा आणि तर्जनी, दहा वेळा चिमूट,
जमेल तेवढी मोठी, जमेल तेवढी भरभर.
शून्य म्हणजे ठीक.
चार म्हणजे जमलंच नाही.

क्रमांक सतरा: शरफुद्दीन हुर्जूक, गाव हर्णै.
मत्रहच्या बाजारात एकेचाळीस वर्षं दिश्दाशे शिवले,
गळ्याचा गोंडा हातानं वळायचे.
त्यांचं नाव मला ठाऊक असलं तर चालतं,
गोळी कुठली, ते नाही.
त्यांनाही नाही, डॉक्टर बद्रियांनाही नाही.
दोन बाटल्या, एकच रंग, जिभेवर एकच कडवटपणा,
आणि आम्ही सगळी मोठी माणसं
वर्षभर आंधळी कोशिंबीर खेळतो,
गंभीर चेहऱ्यानं, सह्या करून.

पहिल्या दिवशी ते हसले.
"उभा जन्म लोकांची मापं घेतली, बाई.
आता माझं घ्यायला तुम्ही आलात."
उजवा हात: तीन. डावा: दोन.
चालणं: दोन. खुर्चीतून उठणं: एक.
सुईत दोरा ओवणं
तक्त्यात नाही.

मी वर लिहून विचारलं होतं.
उत्तर आलं, नम्र: ही कृती प्रमाणित नाही.
बरोबरच आहे.
सात देशांत सगळ्यांच्या हातात सुई नसते.

त्यांची मुलगी नाझनीन एक वही ठेवायची.
रविवार, चार बटणं. सोमवार, पाच.
मंगळवारी अब्बांनी चहा स्वतः ओतला.
मी वही चाळली आणि परत दिली.
तिच्या डोळ्यांवर पट्टी नव्हती ना,
आणि आशा पाहणाऱ्याच्याच बोटांत आधी थरथरते.
विसाव्या आठवड्यात त्यांनी माझ्यासमोर
तिसऱ्या झटक्यात दोरा ओवला
आणि सुई दिव्यासारखी वर धरली.
मी टाळी वाजवली नाही.
पहिल्या काही महिन्यांत दोन्ही बाटल्या गुण देतात,
हे मला पगारासोबत शिकवलंय.

पुढे उन्हाळा आला. डांबर मऊ झालं.
चौघांनी मधूनच सोडलं, एक वारला, वेगळ्याच कारणानं.
चिमूट लहान लहान होत गेली,
पण किती लहान झाली असती एरवी,
ते कोण सांगणार?

निकाल आला तेव्हा वरच्या ओळीत एकच शब्द जाड ठशात:
आशादायक.
खाली फरक: दोन गुण, एकशे बत्तीसांपैकी.
त्याखाली, बारीक अक्षरात, खरं तर
उणे अर्ध्यापासून साडेचारपर्यंत कुठेही.

मी त्यांना समजावून सांगितलं.
कागदावर रेघ काढली, मधे ठिपका, दोन्हीकडे शेपट्या.
ते बराच वेळ शेपट्यांकडेच बघत राहिले,
टेबलाच्या कडेवर बोट फिरवत, जशी ती शिवणच.
"म्हंजे माया सोडलीय."

मग मलाच समजावलं, सावकाश,
कारण आता शब्दही उशिरा यायचे:
शिवणीच्या आत दोन बोटं कापड राखायचं,
पोर वाढतं, पोट सुटतं, उसवून सैल करता येतं.
बिनमायेचा सदरा पहिल्याच ईदला फाटतो.
"पण बाई,
माया दाखवून गिऱ्हाइकाला लांबी विकायची नाही."

त्यांनी विचारलं, पुढच्या टप्प्यात मी आहे का.
पुढच्या टप्प्याला पंचाहत्तरची अट आहे.
त्यांना येत्या जूनमध्ये शहात्तर लागेल.
मी अट वाचून दाखवली, शेवटच्या पूर्णविरामापर्यंत.
नाझनीननं वही पिशवीत टाकली.
कोणती बाटली होती, ते विचारायचं
तिघांनीही टाळलं.

अहवालावर माझा अभिप्राय मागितलाय.
"आशादायक"भोवती मी पेन्सिलीनं गोल काढला,
समासात लिहिलं: शिवणीची रुंदी किती?
मग वाटलं, कुणाला कळणार. खोडलं.
मग पुन्हा लिहिलं.

जाताना ते दारात थांबले,
माझ्या कोटाकडे बघत, मान किंचित कललेली,
हात खिशात, तरी खिसा हलत होता.
"बाही आखूड पडलीय तुमची.
आत बोटभर आहे अजून.
उसवून घ्या."